उभ्या विळ्याचा दांडा: माप अंगाचं घ्यायचं, दुकानाचं नाही

साइथ, म्हणजे उभ्यानं दोन्ही हातांनी ओढायचा लांब पात्याचा विळा, आपल्याकडं आता कुठं कुठं दिसायला लागलाय. खानापूर तालुक्यात काजूच्या बागेखालचं गवत, बेळगावच्या पश्चिमेकडं भाताचे बांध, चिकोडी-अथणीकडं पाण्याखालची लसूणघास, अशा ठिकाणी त्याचा खरा उपयोग आहे. ऑस्ट्रिया, इटलीकडची पाती ऑनलाइन मागवता येतात. पण बरीच माणसं चार दिवस ओढून तो गोठ्यात टांगतात आणि परत खाली बसून विळ्यानं किंवा पेट्रोलच्या ब्रश कटरनं कापायला लागतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: कंबर धरते.

कंबर पात्यामुळं धरत नाही, दांड्यामुळं धरते. युरोपातले तयार दांडे तिथल्या अंगलटीला धरून केलेले असतात. पाच फूट उंचीच्या बाईच्या हातात पावणेसहा फुटी माणसाचा दांडा दिला, तर पातं जमिनीत घुसणार, खांदे वर चढणार आणि तासाभरात दोष हत्याराला लागणार. आपल्या भागात बांधावरचं गवत जास्त करून बायकाच आणतात. त्यामुळं घरात एकच दांडा करायचा असेल तर तो घरातल्या उंच पुरुषाच्या मापानं करू नका. जी रोज गवताला जाते तिच्या मापानं करा.

आधी ठरवा: सरळ की वाकडा

दांडे मुख्यतः दोन तऱ्हेचे. मध्य युरोपी दांड्याला खालच्या बाजूला हलका बाक असतो आणि त्यावर दोन मुठी बसवलेल्या असतात. पूर्व युरोपात, रशियाकडं, दांडा सरळसोट आणि मूठ एकच. डावा हात दांड्याचं वरचं टोकच धरतो. अमेरिकेतला जुना दांडा दोनदा वळलेला आणि वजनदार असतो, त्याला वेगळ्या बांधणीचं पातं लागतं. त्याच्या वाटेला आपण जायचं कारण नाही.

माझं मत सरळ दांड्याच्या बाजूनं आहे. बाकदार दांडा करायचा म्हणजे नैसर्गिक बाक असलेली फांदी शोधायची किंवा लाकूड वाफवून वाकवायचं. सरळ दांडा आपला गावचा सुतार अर्ध्या दिवसात करतो, आणि भरीव बांबू मिळाला तर सुताराचीही फारशी गरज पडत नाही. बाकाचा फायदा नाही असं नाही. पण पहिल्या दांड्यात माप चुकण्याचीच शक्यता जास्त असते, आणि चुकीचं माप स्वस्त लाकडात चुकलेलं बरं.

दोन्हींचं माप वेगळं का, हे मात्र समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दांडा जमिनीशी किती तिरका राहतो त्यावर पात्याची धार वर उचलणार की खाली दबणार हे ठरतं. दांडा जास्त उभा झाला तर धार वर उचलते, पातं गवतावरून घसरतं आणि बुडखे लांब राहतात. दांडा जास्त आडवा झाला तर धार खाली झुकते आणि माती खाते. बाकदार दांड्यात खालचा भाग बाकामुळं आपोआप आडवा होतो, म्हणून तो आखूड चालतो. सरळ दांड्याला तो आडवेपणा लांबीतून मिळवावा लागतो.

माप घेणं

ज्याला कापायचंय त्याला सपाट जमिनीवर उभं करा. पायात शेतात जे असतं तेच हवं: अनवाणी जाणारी अनवाणी, चप्पल घालणारी चपलेत, पावसात गमबूट घालणारा गमबुटात. गमबुटाची टाच दोन-तीन सेंटीमीटरची असते आणि तेवढा फरक धारेला पुरतो. टेप नसेल तर काठी आणि खडू घ्या. माप घेताना माणूस ताठ उभा राहतो, ही एक अडचण असते. फोटोला उभं राहिल्यासारखं नको. दोन-चार पावलं चालायला सांगा आणि थांबतील तसं घ्या.

सरळ दांड्यासाठी पहिली खूण बेंबीच्या उंचीवर. इथं उजव्या हाताची मूठ येणार. बाकदार दांड्यासाठी ती खूण खुब्याच्या हाडावर. मांडी हलवली की कमरेच्या बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागतं ते. पाय थोडा मागंपुढं केला की ते बोटाखाली फिरताना कळतं.

दुसरी खूण पहिलीपासून एक हात वर. हात म्हणजे आपला जुना हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि तोही कापणाऱ्याचाच. तिथं डाव्या हाताची पकड येते. सासूचा दांडा सुनेला का जमत नाही याचं कारण पुष्कळदा या दुसऱ्या मापात असतं: दोघींची उंची सारखी, हात मात्र वेगळा.

तिसरी गोष्ट एकूण लांबी. सरळ दांडा हनुवटीपर्यंत येतो, बाकदार खांद्यापर्यंत. ही मोजणी नुसत्या दांड्याची, पातं न लावता, बुडका जमिनीवर टेकवून.

ताळा पाहायला दोन आकडे देतो. पाच फूट, म्हणजे 152 सेंटीमीटर उंचीच्या माणसाची बेंबी साधारण 91-92 वर येते, हात 39-40 चा, म्हणून डावी पकड 131 च्या आसपास. साडेपाच फुटाच्या, म्हणजे 168 सेंटीमीटरच्या माणसाला हेच आकडे साधारण 101, 43 आणि 144 होतात. बाकदार दांड्याला खुब्याचं माप अनुक्रमे 80 आणि 88-89 च्या घरात. तुमचं माप यापेक्षा चार-पाच सेंटीमीटरनं वेगळं आलं तर अंगाचं माप खरं मानायचं. दहा-बारानं वेगळं आलं तर परत मोजा, टेप तिरका धरला असेल.

दांडा कापताना डाव्या पकडीच्या वर वीतभर जास्त ठेवा. जास्तीचं नंतर करवतीनं जातं, कमी पडलेलं जोडता येत नाही.

लाकूड आणि बांबू

युरोपात बहुतेक दांडे अॅश नावाच्या लाकडाचे असतात, हलकं आणि लवचीक. आपल्याकडं तो गुण धामणीच्या झाडात आहे. सह्याद्रीच्या बाजूच्या जंगलात धामण होते आणि हत्यारांच्या दांड्यांसाठी ती जुन्या लोकांना चांगली माहीत आहे. तिवसही चिवट. बाभूळ मजबूत आहे, पण वजनानं मार खाते. कुऱ्हाडीला, कुदळीला ती योग्य, कारण तिथं वजन कामाला येतं. इथं दांडा हवेत आडवा धरून तासभर फिरवायचाय, वजन सगळं हातावर. निलगिरी सरळ मिळते म्हणून घ्यावीशी वाटते, पण वाळताना पिळते आणि चिरते. सागवान हलकं आणि सरळ. त्यात एवढंच बघा की शिरा दांड्याच्या लांबीनं धावतायत, मधेच बाजूला निघत नाहीत. शिरा बाजूला निघालेल्या जागी दांडा मोडतो, मग लाकूड कुठलंही असो.

जंगलातून परस्पर काही तोडून आणू नका. वखारीत पंधरा-वीस मिनिटं घालवली तर हवी तशी पट्टी मिळते. बांबूचं तसं नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर वाढलेला बांबू वन कायद्याच्या व्याख्येत झाड राहिलेला नाही. स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या बांधावरचा असेल तर तोच बरा.

बांबूत पोकळ नको. माणगा किंवा भरीव मेस या जातीचा घ्या. खानापूर-चंदगड पट्ट्यात, खाली कोकणात माणगा सहज मिळतो. पाऊस संपल्यावर, थंडीत तोडलेला घ्या, कारण पावसात तोडलेल्याला पोरकिडा लवकर लागतो. सावलीत आडवा ठेवून दोन-तीन महिने वाळवा. उन्हात उभा करून ठेवला तर वाकतो आणि फुटतो. बांबूवर खिळा कधीच मारायचा नाही. भोक पाडायचं ते ड्रिलनं, बारीक बिटपासून सुरुवात करून, आणि भोकाच्या दोन्ही अंगांना आधी तार घट्ट गुंडाळून.

जाडी हाताला विचारून ठरवा. मुठीत धरल्यावर अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना जेमतेम भेटावं. साधारण तीस मिलिमीटर. त्यापेक्षा जाड दांडा सतत आवळून धरावा लागतो आणि दुखणं मनगटापासून वर चढतं. खालच्या टोकाला, जिथं पातं बसतं, तिथं थोडं जाड राहू द्या.

लोखंडी पाइप वापरावा का, असं हमखास कुणीतरी विचारतं. अर्धा इंची जीआय पाइप मीटरला सव्वा किलोच्या आसपास भरतो. दीड मीटरचा दांडा म्हणजे पावणेदोन-दोन किलो, वर पातं. पहाटे हाताला गार, दगडाला पातं लागलं की झटका सरळ कोपरात. नको.

मुठी आधी बांधा, मग ठोका

इथं बहुतेक सगळे घाई करतात. सुतार तर करतोच. "एवढं काय मापायचंय वो त्यात, मूठ ती मूठ," असं म्हणून तो गिरमिट लावतो आणि भोक कायमचं होतं. त्याला थांबवा. सायकलची जुनी ट्यूब घ्या, बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या कापा आणि मूठ खुणेवर ठेवून त्या पट्टीनं ताणून गुंडाळा. रबर इतकं घट्ट बसतं की अर्धा तास आरामात कापता येतं, आणि मूठ दोन बोटं वरखाली करायला एक मिनिट लागतं.

मूठ म्हणजे दांड्यातून निघालेला साधारण एक वीत लांबीचा गोल दांडका. ती कुठल्या दिशेला वळवायची? दांडा कापायच्या अवस्थेत धरा, डोळे मिटा, हात सैल सोडून परत धरा. मनगट सरळ राहतं त्या कोनाला मूठ बरोबर. मनगट आत किंवा बाहेर मोडत असेल तर मूठ दांड्याभोवती थोडी फिरवा. हे बोलण्यापेक्षा करण्यात लवकर कळतं.

अशी बांधलेली मूठ घेऊन दोन-तीन सकाळी काम करा. मगच सहा मिलिमीटरचा बोल्ट आणि वॉशर घालून पक्की करा. घरात दोघं-तिघं वापरणार असतील तर बोल्टऐवजी होज क्लिपा लावा, नळाच्या पाइपला लावतात त्या. स्क्रू सैल करून मूठ सरकवायची आणि ज्याच्या त्याच्या खुणेवर परत आवळायची. खुणा रंगानं करून ठेवा: आईची लाल, दादाची निळी. एकाच दांड्याला चार भोकं पाडणं मला पसंत नाही. दोन भोकांत बोटभरच अंतर राहिलं तर तिथं दांडा चिरतो.

डावखुऱ्यांनी वेगळा दांडा करू नये. बाजारात मिळणारी पाती बहुतेक उजव्या बांधणीची असतात आणि काम दोन्ही हातांचं आहे, उजव्या हाताचं एकट्याचं नाही. ओढ तर कमरेतून येते.

पातं बसवणं

पात्याच्या टाचेला एक शेपूट असतं आणि शेपटाच्या टोकाला छोटी घुंडी. दांड्याच्या खालच्या टोकाला, जमिनीकडच्या अंगाला, शेपूट बसेल एवढी सपाट जागा तासून घ्या, घुंडीपुरतं उथळ भोक करा आणि वरून कडं घालून स्क्रू आवळा. बांबूला ही सपाटी करताना पाव इंचापेक्षा खोल जाऊ नका, नाहीतर नेमका कमकुवत भाग उरतो.

पात्याची लांबी ही दांड्याइतकी नाजूक बाब नाही. बांधाला आणि झाडाखाली 45-50 सेंटीमीटरचं, मोकळ्या माळाला आणि लसूणघासेला 60-65 चं. नव्या माणसानं लांब पात्याच्या मोहात पडू नये.

आता धारेची उंची. कापणाऱ्यानं फरशीवर उभं राहायचं, पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवून, गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, दोन्ही हात खाली सोडलेले. पातं जमिनीवर आपोआप टेकू द्यायचं. दुसऱ्यानं खाली बसून बघायचं. पात्याचं पोट फरशीला टेकलेलं हवं आणि धार फरशीपासून पाच ते आठ मिलिमीटर वर. धार फरशीला घासत असेल तर बाहेर माती खाणार. बोटभर उचललेली असेल तर गवत वाकून पात्याखालून निघून जाणार.

दुरुस्ती लाकडाच्या पाचरीनं. शेपूट आणि दांडा यांच्या मध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीची, एका बाजूला निमुळती झालेली चिप सारायची. जाड बाजू पात्याकडं ठेवली तर धार वर येते. जाड बाजू हाताकडं ठेवली तर धार खाली जाते. उलटसुलट करून फरशीवर बघा, कळेलच. पाचर दिली की कड्याचे स्क्रू परत आवळा, आणि थोडं कापून झाल्यावर पुन्हा एकदा, कारण चिप दबते.

पाचरीनं भागलं नाही तर शेपटाचा कोन बदलावा लागतो आणि त्याला लोहार पाहिजे. लोहाराला एक गोष्ट ठणकावून सांगा: ताव फक्त शेपटाला. पात्याभोवती ओलं फडकं गुंडाळून पाण्याचा हात मारत राहायचं. पातं तापलं तर त्याचं पाणी उतरतं आणि मग धार धरत नाही. "मामा, पातं काळंनिळं व्हायला नको," एवढं सांगितलं की जाणता माणूस समजतो. दांड्याचं माप मुळात बरोबर असेल तर लोहाराकडं जायची वेळ सहसा येत नाही.

पाचरीनंतर पात्याचं तोंड, म्हणजे पातं दांड्याशी किती मिटलेलं ठेवायचं ते. भिंतीला लागून पातं जमिनीवर ठेवा आणि टाच जिथं भिंतीला लागते तिथं खडूची खूण करा. आता दांड्याचं वरचं टोक एका जागी धरून पातं फिरवा, म्हणजे टोक त्या खुणेजवळ येईल. टोक भिंतीपर्यंत न पोचता दोन-तीन बोटं आत, तुमच्या बाजूला राहिलं पाहिजे. गवत दाट, जाड काडीचं असेल तर आणखी एक बोट मिटवा. कोवळं पातळ असेल तर थोडं उघडा. जास्त उघडलेलं पातं गवताला धक्का देतं, कापत नाही, आणि त्याचा सगळा ताण उजव्या खांद्यावर येतो. पुष्कळ जण याला दांड्याचा दोष समजून मूठ हलवत बसतात.

रानात पहिली सकाळ

दव असताना जा. ओलं गवत उभं राहतं आणि धारेला धरतं. अकरानंतर तेच गवत पात्यापुढं लवतं आणि मग चांगल्या दांड्याबद्दलही शंका येते. कमरेला पाण्यात बुडवलेला धारेचा दगड हवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी धारेवरून हात फिरवायला हवा. बोथट पात्यानं दांड्याची परीक्षा करू नका.

पातं उचलायचं नाही. उजवीकडून डावीकडं जमिनीवरून घसरत न्यायचं आणि जमिनीवरूनच परत आणायचं. पुढं सरकायचं ते दर ओढीला चार-पाच बोटं. ऊस तोडायची सवय असलेल्या हातांना हे फार जड जातं. कोयत्यासारखं वरून हाणलं की टोक मातीत रुततं, आणि तो दोष दांड्याचा नसतो.

अर्ध्या तासानंतर थांबा आणि कुठं दुखतंय ते बघा. कमरेत खाली दुखत असेल आणि तुम्ही वाकून कापत असाल तर उजवी मूठ खाली आलीय, एक-दोन बोटं वर सरकवा. खांदे कानाकडं चढलेले असतील, मानेला ताठरपणा आला असेल तर ती वर गेलीय. डावं कोपर पोटात घुसत असेल किंवा फिरताना बरगडीला लागत असेल तर दोन पकडींतलं अंतर कमी आहे. डावा हात पूर्ण ताणला जात असेल, ओढीच्या शेवटी अंग पुढं खेचलं जात असेल तर अंतर जास्त आहे. पोटरी आणि मांडी दुखत असेल तर सगळं ठीक आहे, ते पहिल्या आठवड्याचं दुखणं आहे.

एका वेळी एकच बदल करा. मूठ, पाचर आणि पात्याचं तोंड तिन्ही एकदम हलवलं तर कशानं बरं झालं आणि कशानं बिघडलं हे कळत नाही. मूठ वर सरकवली की हात दांड्यावर वर जातो, दांडा आडवा होतो आणि धार खाली झुकते. त्यामुळं मुठीच्या बदलानंतर फरशीवरची तपासणी पुन्हा करावीच लागते. हा क्रम मोडू नका: मूठ, मग पाचर, मग तोंड.

साडी नेसून कापणाऱ्यांसाठी एक बारकी गोष्ट. उजवी मूठ प्रत्येक ओढीला कमरेच्या अगदी जवळून जाते आणि सैल पदर तिच्यात अडकतो. पदर डाव्या बाजूला खोचा. काष्टा असेल तर प्रश्नच नाही. मूठ नको तितकी लांब ठेवली असेल तर तीही एक-दीड इंच कापून टाका.

जमिनीप्रमाणं फरक

येळ्ळूर, उचगावच्या बाजूचे भाताचे बांध अरुंद आणि उंच असतात. बांधावर उभं राहून बांधाचीच बाजू कापायची तर दांडा उभा होतो आणि धार उचलते. त्यापेक्षा खाचरात उतरून वरच्या दिशेनं कापा, किंवा त्या कामापुरती दुसरी पाचर जवळ ठेवा. भात उभं असताना मात्र बांधाच्या आतल्या बाजूला हा विळा नेऊच नका. पात्याचं टोक डावीकडं कुठवर जातं याचा अंदाज यायला एक हंगाम जातो. तिथं बसून विळाच बरा.

जांबोटी-कणकुंबीकडच्या उतारावर उताराला आडवं, एका पातळीत चालत कापायचं. उतार डाव्या हाताला खाली ठेवलात तर कापलेलं गवत आपोआप खालच्या बाजूला पडतं आणि ओळ नीट लागते. अशा जागी मूठ बोटभर वर घेतलेली बरी वाटते, असं तिथं कापणारे सांगतात, आणि करून बघायला हरकत नाही. जांभ्याचे दगड गवतात लपलेले असतात. गवत गुडघ्याएवढं व्हायच्या आत एकदा फिरून दगड वेचून टाका, नाहीतर दांड्याच्या सगळ्या मापावर पाणी पडतं.

अथणी, रायबागच्या बाजूला लसूणघास सपाट वाफ्यात असते आणि तिथं हा विळा खरंच मजेत चालतो. फक्त तिला फार खालून कापायचं नसतं, नाहीतर फुटवा मंद होतो. दोन इंच बुडखा सोडायचा तर धार थोडी उचललेली हवी. पाचरीची जाड बाजू पात्याकडं करा, दांड्याला हात लावू नका. हत्ती गवताला, नेपियरला मात्र हे पातं लावू नये. जाड कांड्यावर पातळ धार दुमडते. त्याला कोयताच पाहिजे.

दसऱ्यानंतर माळावरचं गवत वाळतं तेव्हा ते काठीसारखं ताठ आणि धारेला कडक होतं. त्यावेळी पातं थोडं मिटवा आणि ओढ छोटी घ्या. दांड्याचं माप तेच राहतं.

पावसाळा आणि उन्हाळा

आपल्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं आणि मार्च-एप्रिलमध्ये आकसतं. जुलैत घट्ट बसलेली मूठ होळीपर्यंत हलायला लागते, कड्याखालची पाचर सैल होते. पावसाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा सगळे बोल्ट, स्क्रू आवळून घ्या. दांड्याला व्हार्निश लावू नका, हाताला फोड येतात. जवसाचं तेल फडक्यानं चोळा, सुकू द्या, परत चोळा. नव्या दांड्याला असे तीन-चार हात, मग वर्षाला एक.

काम नसताना पातं काढून तेल लावून वेगळं ठेवा, कोपऱ्यात धार उघडी ठेवून दांडा उभा करू नका, घरात पोरं असतात. दांडा दोन खुंट्यांवर आडवा टांगा. भिंतीला तिरका टेकवलेला बांबू एका पावसाळ्यात वाकतो, आणि वाकल्यावर तुमची बेंबीची खूण त्याच जागी असली तरी धार बदललेली असते. हंगामाच्या पहिल्या दिवशी रानात जाण्याआधी फरशीवरची तपासणी करा, पाच मिनिटांचं काम आहे. वर्षभरात मूल उंच झालेलं असेल किंवा दांडा आता दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार असेल, तर रबराच्या पट्ट्या बाहेर काढा आणि मूठ परत बांधून बघा.